शिवायला जागा

त्याचं नाव मला ठाऊक नाही, पण तो आठवला की आजही डोकं सणकतं. पेणच्या स्टँडवर रोह्याच्या एसटीची वाट बघत बसलेला खाडीकाठचा शेतकरी. मांडीवर बोटानं तो एकच रेघ पुन्हा पुन्हा ओढत होता.

"हृदयाच्या एकाच नळीत चार वेळा जाळी घातली. आता दुसरा डॉक्टर बोलतो बायपास पायजे, पण नवी नळी शिवायला मोकळी जागाच नाय. हे आधी कुणी का नाय सांगितलं?"

मी म्हणालो, "घाईत राहून गेलं असेल."

तो उसळला. "चारी वेळा घाई? खारबांध फुटून पाणी शेतात घुसतं, तरी आमी चार जणांना विचारून मगच माती टाकतो. ही तर माझी छाती व्हती!"

डॉक्टरांची बाजू घ्यायला मी कोण लागून गेलो होतो?