सही न झालेला निकाल

साहेब खुर्चीवर बसले की आधी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवत. एखादा वकील लांबण लावू लागला की त्यावर बोटानं टकटक करत आणि म्हणत, "मुदत म्हणजे मुदत." असे न्यायाधीश तुम्हीही पाहिले असतील. मी त्यांचा लघुलेखक. ते सांगत, मी टंकत असे.

वडवणीजवळच्या खेड्यातला ऊसतोड्यांचा हा मुलगा तालुक्याच्या कोर्टापासून चढत चढत खंडपीठात अपिलं ऐकायला बसला. मी माजलगावचा, म्हणून चेंबरमध्ये दोघंच असलो की त्यांची भाषा गावाकडं वळे. "जेवला का न्हाई बे?" असं विचारून डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवत. कुणाची साधी मिठाई त्यांनी कधी घेतली नाही. हे सगळं खरं आहे, म्हणूनच पुढचं सांगणं जड जातं.

युसूफ वडगाव या गावाकडच्या एका तरुणाचं अपील होतं. जत्रेतल्या हाणामारीत एक जण मेला आणि खालच्या कोर्टानं याला दहा वर्षं दिली. अपील सहा वर्षं पडून होतं. त्यातल्या चार वर्षांच्या तारखा साहेबांनीच दिलेल्या. अखेर ऐकलं, तेव्हा तासाभरात कळलं की पुराव्यात काही दमच नाही. साहेबांनी भर कोर्टात त्याला निर्दोष सोडलं. निकाल मी टंकला. सही व्हायची बाकी, तेवढ्यात तुरुंगातून पत्र आलं, की कैदी चार महिन्यांपूर्वीच आजारानं वारला.

माणूस मेला की त्याचं अपीलही संपतं; त्यानंतर दिलेला निकाल धरत नाहीत, खालच्या कोर्टाची शिक्षाच राहते. घरच्यांना पुढं चालवायचं असेल, तर तीस दिवसांत अर्ज द्यावा लागतो. त्याची आई अर्ज घेऊन आली ती पाचव्या महिन्यात. मुदतीचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. उशीर माफ करणं साहेबांच्या हातात होतं. मी धीर करून तसं म्हणालो.

ते म्हणाले, "अपील उघडलं तर माझ्या चार वर्षांच्या तारखांचं बी निघंल. औंदा माझं नाव वर, सुप्रीम कोर्टासाठी जायचं हाय."

अर्ज फेटाळला.

बाहेर त्याच्या आईनं मला गाठलं. "साहेबांनी सोडलंय म्हणत्यात. मग आता कावून न्हाई?" मी तिला खाली जायचा जिना दाखवला.

साहेबांचं नाव वर गेलंच नाही. निवृत्तीनंतर एकदा त्यांनी मला बोलावून घेतलं आणि आम्ही तिच्या गावी गेलो. अंगणात उभं राहून त्यांनी आपली ओळख सांगितली, हात जोडले, तुमचा मुलगा निर्दोष होता म्हणाले. म्हातारी ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली.

"मग तसा कागद आणलाय का?"



ते गेले त्याला आता वर्ष होईल. शोकसभेत त्यांच्या शिस्तीवर सगळे भरभरून बोलले. मी मागच्या रांगेत बसून ऐकलं. त्या पोराच्या प्रकरणात शेवटचा कागद 'शिक्षा कायम' हाच आहे. तो मीच टंकलाय, एकही चूक न करता.