छापलेलं खोटं

सलमाआपा पुस्तकाशी भांडत. वाचता वाचता एकदम "झूट!" म्हणत, पुस्तक पालथं घालत आणि पाणी पिऊन येत. रेवदंड्याच्या वाचनालयात मी नोकरीला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी दचकले. "घाबरू नकोस, सुनंदा," त्या हसून म्हणाल्या, "ज्याच्याकडून आशा, त्याच्याशीच भांडण."

आपा वाचनालयाच्या अध्यक्ष. नवरा कुवेतला; मुलीला वाढवताना सोबत पुस्तकांची. छापलेल्या शब्दावर त्यांची श्रद्धा होती, आणि तशीच गावचे पुढारी अनंतभाऊ यांच्यावर. भाऊ आमदारकीला उभे राहिले तेव्हा आपा मोहल्ल्यात, कोळीवाड्यात दारोदार फिरल्या. "हा माणूस वेळेला धावेल," असं छातीठोकपणे सांगत. भाऊ निवडून आले.

वेळ आली ती वादळाची. भाऊ मुंबईत, फोन बंद. कोळीवाड्यावरचे पत्रे उडू लागले तेव्हा कमळाबाई कोळणीनं वरवंट्यानं शाळेचं कुलूप फोडून बायकापोरांना आत घेतलं. आपा आणि मीही त्यांच्यातच होतो.

पुढं भाऊंचं आत्मचरित्र आलं. प्रकाशन आमच्याच वाचनालयात, बोलायचं आपांनी. त्या सकाळी त्यांनी पुस्तक माझ्यापुढं उघडं ठेवलं. भाऊंनी लिहिलं होतं, शाळेचं कुलूप आपण स्वतः फोडलं.

"आपा, आज गप्प राहा," मी हात धरला. "ही जागा पंचायतीची. पंचायत भाऊंची."

त्यांनी हात सोडवून घेतला आणि पुस्तक मिटलं.

सभागृह गच्च भरलं होतं. आपा माईकपाशी गेल्या. "भाऊ, कुलूप कमळाबाईंनी फोडलं. त्या मागं बसल्यात. तुम्ही त्या दिवशी गावात नव्हता."

दोन कार्यकर्ते उठले. भाऊंनी हातानं त्यांना थांबवलं, हसले. "आपा, पुस्तक आहे. थोडं इकडचं तिकडं होतंच."

"मतं मागताना मी इकडचं तिकडं केलं नव्हतं, भाऊ."

कुणीतरी माईक बंद केला. भाऊ निघून गेले.

घरी मात्र आपा रडल्या. "पुढारी खोटं बोलतो, ते पचवीन गं. पण पुस्तकानं खोटं बोलावं?"

आठवडाभरात पंचायतीचा निरोप आला: अध्यक्ष बदला, नाहीतर जागा सोडा. माफी मागा, असंही कुणी सुचवलं. आपांनी राजीनामा दिला. "पुस्तकं रस्त्यावर नकोत," एवढंच म्हणाल्या. भाऊंचं पुस्तक फेकून देऊ का, असं मी रागानं विचारलं.

"फेकायचं नाही. कादंबऱ्यांच्या कपाटात ठेव."

मग त्या मुलीकडे माणगावला राहायला निघाल्या. रिक्षात सामान चढवत होतो तेव्हा कमळाबाई आली. मासळीची टोपली खाली ठेवून तिनं आपांचा हात दोन्ही हातांत धरला.

"पुस्तकात माजं नाव न्हाय तं न्हाय. मला कुठं वाचता येतंय?" ती म्हणाली. "पन सगल्या गावासमोर तू माजं नाव घेतलंस ना!"

रिक्षा वळेपर्यंत आपा मागं वळून तिच्याकडे बघत राहिल्या.