चोरी न्हाई झाली, पण सौदा थांबला!

मंडळी, आज ऐन सौद्याच्या वेळी उदगीरच्या मोंढ्यातलं, म्हंजे धान्यबाजारातलं, आमचं लिलावाचं सॉफ्टवेअर बंद पडलं. आमचं सॉफ्टवेअर सर्व्हरवर ज्या बंदिस्त कप्प्यांत चालतं, त्या कंटेनरची राखण करणाऱ्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरमध्येच त्रुटी होती. कुणीतरी बाहेरून रिक्वेस्टचा नुसता मारा केला, राखणदारच आडवा झाला, आणि त्याच्या परवानगीशिवाय काही सुरूच होईना.

रीस्टार्ट करून कसंबसं चालू केलं. पण ती त्रुटी बुजवणारं अपडेट टाकायचं बाकी होतं.

आमचे मालक अप्पा म्हणाले, "डेटा चोरीला गेला का?"

"न्हाई."

"मग अपडेट दिवाळीनंतर बघू. कशाला घाबरून राहिलीस?"

मी हटले न्हाई. "अप्पा, मोंढ्याच्या गेटात कुणी ट्रक आडवा लावला, तर एकबी पोतं चोरीला जात न्हाई. पण सौदा होतो का?"

अप्पा उठलेच. "मग ट्रक हटव की आधी!"

मी अपडेट टाकूनच जेवले.

तुमच्या गेटात कुठला ट्रक उभा हाय?