सायकलीच्या मानेवरचा चुना

सुभद्रा गेल्याची बातमी आली तेव्हा मी जळगाव जामोदच्या बाजारात एका बाईच्या हातात बांगड्या भरत होतो. शेजारचा श्रीपत नांदुऱ्याहून मोटारीनं आला, गर्दीतून वाट काढत माझ्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, चला. वहिनी गेल्या." मी बाईचा हात सोडला नाही. उरलेल्या दोन बांगड्या चढवल्या आणि मगच विचारलं, "तुले कोनं सांगितलं?" तो म्हणाला, "मी डोयानं पाहून आलो." तरी मला वाटलं, हा खोटं बोलतो. सकाळीच तर तिनं चहा दिला होता... माझा स्वभावच तसा. डॉक्टर, दूधवाला, देवळातला पुजारी, कोणावर माझा भरवसा नाही. चाळीस वर्षं संसार केला, तिच्यावरही पुरता ठेवला नाही. मी चौथी शिकलेला कासार, मला सजवून लिहिता येत नाही. जे झालं तेच लिहितो.

ती सवाष्ण गेली, म्हणून हिरवा चुडा भरायचा. तो मीच भरला. हजारो बायांचे हात दाबून मी बांगडी वर सरकवली असेल, पण तो हात दबेना. तिच्या उजव्या अंगठ्याला चुना वाळलेला होता. घरातल्या बाया म्हणाल्या, पानाचा असेल. मला ठाऊक होतं तो कशाचा. त्या दिवशी सकाळीही तिनं माझ्या सायकलीच्या मानेला, म्हणजे हँडलच्या खाली नळ्या जिथं जुळतात तिथं, बोटभर चुना लावला होता. आणि मी तो नेहमीसारखा जाताना पूर्णा नदीवर पुसून टाकला होता.

ही सायकल दहा वर्षांपूर्वीची, नवं राज्य झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली. बांगड्यांच्या पेट्या वाहून जुनीची फ्रेम मोडली, म्हणून आम्ही दोघं नांदुऱ्यात करीम मिस्त्रीच्या दुकानी गेलो. त्याच्याकडं दोन फ्रेमा टांगलेल्या होत्या. एक काळी, कोरी, जाड नळीची, उचलली की खांदा भरून यावा अशी. दुसरी पातळ नळीची, एका हातानं उचलावी इतकी हलकी. कापसाच्या व्यापारातला कोणी गोरा साहेब मायदेशी जाताना सोडून गेलेली. मिस्त्री म्हणे, "भाऊ, पतली घे. हे पोलाद येगळं हाये. नळी सोता धक्का खाते. जाड नळी धक्का जसाच्या तसा पेटीले देते. तू काच नेतं ना?" झालं, माझ्या मनात पाल चुकचुकली. कोरी सोडून हा मला वापरलेली काऊन खपवतो? जी वस्तू उचलायला हलकी ती टिकायला भारी, असं कधी कोणी पाहिलं आहे का?

सुभद्रा उंद्रीच्या गवंड्याची लेक. भट्टीवर वीट घेताना दोन विटा एकमेकींवर वाजवायच्या, खणखणली ती पक्की, हे तिला लहानपणापासून पाठ. तिनं बोटाच्या गाठीनं दोन्ही फ्रेमा ठिकठिकाणी वाजवल्या. पातळ फ्रेम घंटेसारखी वाजली. जाडी मधे बरी वाजली, मानेपाशी मात्र तिनं परत परत ठोकलं.

"अवो, पतलीच घ्या. जाडीचा आवाज इथं भद्द येऊन राह्यला."

"वीट घ्यायले आलो का वं आपन?"

"कान तर तोच हाये ना!"

मिस्त्री हसला. त्याच्या हसण्यानं मी पेटलो. दोघं एका बाजूला आणि मी एकटा एका बाजूला! जाडी घेतली. पातळ फ्रेम पुढं शाळेच्या मास्तरांनी नेली. ती अजून धावते. दारावरून गेली तर आवाज येत नाही, म्हणून मीच कान देऊन बसतो.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी बाजाराहून लवकर परतलो, तर सुभद्रा करीम मिस्त्रीच्या दुकानातून बाहेर पडताना दिसली. एकटी. मी झाडामागं थांबलो. घरी गेल्यावर विचारलं, "कुठं गेलती?" म्हणाली, "दळन टाकाले." पीठ तर घरात आठवडाभराचं पडलेलं होतं. दहा वर्षं मी ते मनात धरून ठेवलं. मिस्त्रीकडं जाणं तेवढं सोडलं, पंक्चरही दुसऱ्याकडं काढायचो. एकदा भांडणात तोंडून निघालं, "तुह्यं काय, मिस्त्रीले इचार." तिनं हातातली भाकर परातीत तशीच ठेवली. म्हणाली, "दिवसभर गावच्या बायाइचे हात धरता, मी इचारलं का कधी?" मी त्या रात्री जेवलो नाही.

चुना त्याच आठवड्यात सुरू झाला. बाजाराच्या दिवशी मी निघण्याआधी ती कमरेची चुन्याची डबी काढायची आणि मानेच्या जोडावर अंगठ्यानं आडवा पट्टा ओढायची. मला वाटलं, कोण्या भगतानं सांगितलेला उतारा. "हे काय लावून राह्यली?" "राहू द्या. पुसू नका." "काऊन?" "तुमी इस्वासानं इचारान तवा सांगीन." मग जाताना मी पूर्णेच्या काठी उतरायचो. मिस्त्रीचं बोलणं खरं ठरलं होतं, पेटीत दरवेळी डझनानं बांगड्या पिचायच्या. ते तुकडे नदीत टाकायचो आणि त्याच ओल्या फडक्यानं चुना पुसायचो. घरी आलो की ती आधी माझ्या तोंडाकडं नाही, सायकलीच्या मानेकडं पाहायची. मी म्हणायचो, माझ्यावर पहारा ठेवते. दुसऱ्या खेपेला परत पट्टा. दहा वर्षं हेच.

तेरवीनंतर करीम मिस्त्री बसायला आला. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. तो उठून ओसरीतल्या सायकलीशी गेला, मानेवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "वहिनीचा पट्टा नाही दिसत."

मी म्हटलं, "तुले कसं ठाव?"

तेव्हा त्यानं सांगितलं. सुभद्रा त्याच्याकडं विचारायला गेली होती की या जोडात खोट आहे का. त्यानं सांगितलं, नळ्या जोडताना ओततात ते पितळ जोडात पुरतं उतरलं नसेल, वरून काही दिसत नाही, फ्रेम बदलून देतो. "वहिनी म्हने, आता बदलान तर ते तुमाले चोर म्हनतीन अन मले तुमची साथीदार. मीच ध्यान ठेवते. माहा बाप तडकल्या भिंतीवर चुन्याचा पट्टा मारे. भिंत सरकून राह्यली असन तर पट्टा चिरते. मी म्हनलो, चिरला का लगेच सायकल आना." एवढं सांगून तो गेला.

मी मात्र मीच. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं. आणि चुना वाळूनही चिरतो. म्हणून पुढच्या बाजाराला मी तिच्याच डबीतून दोन पट्टे ओढले, एक मानेवर, एक नळीच्या मधोमध, सारख्याच जाडीचे. पेट्या बांधल्या, जळगावला निघालो. पूर्णेवर उतरलो, तुकडे टाकले, फडकं भिजवलं नाही. बाजार करून घरी आलो तर मानेकडं पाहायला कोणी नव्हतं. मीच वाकलो. मधला पट्टा अखंड होता. मानेवरच्या पट्ट्यात केसाएवढी चीर गेली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ही चीर आताची की आठ वर्षांपूर्वीची, कोण सांगणार? सांगणारा चुना मी दरवेळी धुऊन आणला.

सायकल आता आतल्या खोलीत भिंतीला टेकून आहे. मी मोटारीनं जातो, पेटी मांडीवर घेऊन. मिस्त्रीकडं एकदा गेलो, नुसता चहा पिऊन आलो. डबीतला चुना वाळू नये म्हणून रोज दोन थेंब पाणी टाकतो. दर बाजाराला तिच्या अंगठ्याचा एक ठसा माझ्यासोबत पूर्णेपर्यंत यायचा... त्यातला एकही मी ठेवला नाही. मानेवर आहे तो माझा.