रविवारच्या खेळाची चौकशी

उदगीरच्या अमरेशला रविवार खायला उठायचा. सहा दिवस डाळमिलच्या वजनकाट्यावरच्या नोकरीत माणसांचा राबता असायचा. रविवारी मिल बंद, आई वारलेली, अन् खेळायला गडीही उरले नव्हते.

खेळ तरी कसला, तर गोष्टीचा. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. कुणी चोर, कुणी वैद्य. चोराला कुलूप उघडता आलं का नाही, ते वीस बाजूंचा फासा सांगणार. आता बघा, इतकं साधं. पण गावानं फासा बघितला अन् जुगार ठरवून टाकला. खेळणारे चौघं. त्यातल्या मल्लेशच्या बापानं त्याचे फासे आडात फेकले. मनिषाबाई शाळेत शिकवायच्या; त्यांचा राणीचा आवाज भिंतीपलीकडून ऐकून शेजारीण म्हणाली, "बाईच्या अंगात येतंय. माहूरला नेऊन आणा." त्यांनी येणं सोडलं. चौथ्या आनंदराजची बदली अर्धापूरला झाली. याला सहा महिने झाले. तेव्हापासून अमरेश एकटाच चौघांचं बोलायचा.

अशात जळकोटच्या गुंडप्पांच्या पोरीचं, वर्षाराणीचं स्थळ आलं. बघणं झालं, दोघं एकमेकांना पसंत पडली. राहिली होती फक्त चौकशी. बत्तीस वर्षांच्या अमरेशनं घराला रंग दिला, नवे कप आणले.

गुंडप्पा आले ते न सांगता, रविवारी भर दुपारी. दार उघडंच होतं. आत अमरेश पुलावरचा पहारेकरी होऊन दरडावत होता, अन् लगेच म्हातारी होऊन गयावया करत होता.

"कोण आलंय?" गुंडप्पांनी विचारलं.

"कोणी न्हाई, मामा."

"मग भांडायलंय कोण?"

लपवायचं काय? अमरेशनं सगळं सांगितलं. गुंडप्पांनी फासा उचलला अन् कापड पारखावं तसा उजेडाला धरला.

"पैसे लावता?"

"एक रुपया न्हाई."

"मग हरल्यावर काय होतंय?"

"काही न्हाई. गोष्ट दुसरीकडं वळते."

गुंडप्पा टोपी काढून बसले. म्हातारी त्यांनी घेतली. अन् काय सांगावं, चाळीस वर्षं कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक वळवलेला माणूस तो! त्यांच्या म्हातारीनं पहारेकऱ्याला असं बोलण्यात घेतलं की त्यानं अर्धं फाटक उघडलं. दोन तास गेले, चहा दोनदा झाला. अमरेशला वाटलं, जमलं.

उठताना गुंडप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "खेळ लई गोड हाय, अमरेशराव. तुम्ही बी. पण सोयऱ्यांनी इचारलं, जावई रविवारी काय करतो, तर काय सांगू?"

"हेच सांगा की."

"मला कळलं. त्यांना न्हाई कळायचं."

दोन दिवसांनी मध्यस्थाकडून नकार आला.

पुढच्या रविवारी फोन वाजला. गुंडप्पाच होते, आवाज दबका. "पोरीचं राहू द्या. ती म्हातारी पलीकडं गेली का?"

अमरेशनं गोष्टीच्या वहीकडं पाहिलं. सकाळीच त्यानं एकट्यानं म्हातारीला पूल पार करून दिला होता.

"न्हाई, मामा. पुलावरच हाय. तुम्ही आल्याबिगर कशी हलंल?"



"बघू," म्हणाले गुंडप्पा, अन् फोन बंद झाला.

अमरेशनं सकाळचं पान खोडलं आणि म्हातारीला परत फाटकाशी आणून उभं केलं. तो रविवार गुंडप्पांची वाट बघण्यात गेला, अन् त्यानंतरचे चारही.