पायरीवरून दिलेली उत्तरं

"घोडा, बैल, म्हैस, गाढव, खुर्ची," वकीलसाहेबांनी कागदावरून वाचलं. "पाचांत विजोड कोण?"

"खुर्ची," श्रीपाद म्हणाला. श्रीपाद त्यांचा भाचा. एवढं त्याला यायचं.

वकीलसाहेबांनी कागद मांडीवर ठेवला. चष्म्याच्या वरून आमच्याकडं बघितलं. ओसरीवर जाजम टाकलेलं. जाजमावर चौघं. श्रीपाद, त्याचे दोन दोस्त, आणि कापडदुकानदाराचा मुलगा शिवलिंग. मी खाली. दुसऱ्या पायरीवर.

"आता असं बघा," ते म्हणाले. "इथं पाच उमेदवार बसलेत. पाचही बी.ए. यांच्यात विजोड कोण?"

कुणाला लगेच कळलं नाही. मग श्रीपादनं माझ्याकडं बोट केलं. सगळे हसले. शिवलिंग मान खाली घालून हसला. आतून चहा घेऊन आलेल्या बाई पदर तोंडाला लावून हसल्या.

आणि मी हसलो.

ते हसले ते मी कधीच विसरून गेलो असतो. तसलं हसणं जन्मापासून ऐकलेलं. पण मी हसलो. दात दाखवून हसलो. वर म्हणालो, "बरोबर हाय, साहेब."

आजही कुठं चार माणसं एकदम हसली, की माझा हात आपोआप तोंडावर जातो. आपण हसतोय का, ते चाचपायला.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. सरकारी कागदावर उस्मानाबाद लिहायचे, आम्ही धाराशिवच म्हणायचो. सरकारनं पदवीधर पोरांसाठी एक योजना काढली होती. बी.ए. झालेल्यांतून काही उमेदवार निवडायचे, तालुक्याच्या कचेऱ्यांतून फिरवून काम शिकवायचं, मग महसूल खात्यात घ्यायचं. त्याआधी परीक्षा. पण नेहमीची नव्हे. पाठांतर करून भागणार नव्हतं. अकलेची परीक्षा. उर्दूत तिला जिहानतीचा इम्तिहान म्हणायचे. आकड्यांची रांग द्यायची आणि पुढचा आकडा विचारायचा. आकृत्या द्यायच्या आणि फिरवल्यावर कशा दिसतील ते विचारायचं. सगळं घड्याळ लावून.

मी तेरचा. महाराचा. बा गावचा येसकर. कचेरीचा निरोप आला, की उन्हातान्हात पळायचा. तेरच्या शाळेत मास्तरसाब होते, म्हातारे, मुसलमान. त्यांनी मला दारातून उचलून वर्गात आत बसवलं होतं. त्यांच्याच खटपटीनं हैदराबादच्या वसतिगृहात राहिलो, कॉलेज केलं. महारवाड्यातला पहिला बी.ए. डोकं चालायचं, एवढं मला ठाऊक होतं. पण त्या नव्या परीक्षेचे कागद मी डोळ्यानं बघितले नव्हते. ते आख्ख्या जिल्ह्यात एकाच माणसाकडं होते. वकीलसाहेबांकडं. त्यांच्या मेव्हण्यानं हैदराबादहून पाठवलेले.

मी धाराशिवात आत्याकडं राहायला आलो आणि त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला आकड्यांची एक रांग विचारली. तीन, चार, सहा, नऊ, तेरा. मी म्हणालो अठरा. त्यांनी श्रीपादकडं बघितलं. श्रीपाद अजून बोटं मोजत होता.

"ये रोज सकाळी," ते म्हणाले. "पायरीवर बस."

मला आनंद झाला होता. हेही सांगितलं पाहिजे. पायरी मिळाली म्हणून आनंद.

वरच्या चौघांच्या हातात कागद असायचा. माझ्या हातात नसायचा. माझा हात लागलेला कागद परत वर कसा जाणार? मग वकीलसाहेब वाचायचे आणि मी ऐकायचं. आकडे ठीक. पण आकृत्याही मी कानानंच ऐकल्या. 'त्रिकोणात गोल, गोलात ठिपका, दुसऱ्या चौकटीत त्रिकोण पालथा, ठिपका बाहेर, तिसऱ्या चौकटीत काय?' डोळे मिटून सगळं डोक्यात मांडायचं, फिरवायचं, उत्तर द्यायचं. मी उत्तर दिलं, की वरती चार बोरू चालायचे. कुर्र कुर्र. तो आवाज मला अजून ऐकू येतो. माझं उत्तर त्यांच्या कागदावर उतरतानाचा.

मग वकीलसाहेब म्हणायचे, "श्रीपादला समजावून सांग कसं काढलंस ते." मी सांगायचो. "दोन आकड्यांतला फरक बघा, श्रीपादराव. फरक सारखा नसला तर फरकांतला फरक बघा." महिनाभरात श्रीपाद शिकला. मी शिकवला.

आकृत्यांचा सराव मी तेरला करायचो. शनिवारी आठ कोस चालत गावी जायचं, तेरणेच्या काठची चिकणमाती आणायची, तिचे त्रिकोण, चौकोन, अर्धगोल करून वाळवायचे. रविवारी दुपारी दारापुढं ते तुकडे मांडून बसायचो. एकदा मोठ्या चौकोनातून एक वेडावाकडा तुकडा काढला होता आणि चार तुकड्यांतला कुठला तिथं बसेल ते बघत होतो. बराच वेळ झाला. जमेना. माय शेजारी बसून जुन्या लुगड्यांच्या चिंध्या जोडून वाकळ शिवत होती. तिनं सुई न थांबवता नुसतं बघितलं.

"त्यो शेवटचा घे," ती म्हणाली. "पालथा घाल."

पालथा घातला. बसला.

मी तिच्याकडं बघत राहिलो. तिला अक्षर येत नव्हतं. सही म्हणजे अंगठा.

"माय, ह्येलाच अकलेची परीक्षा म्हणत्यात."

"व्हय?" ती म्हणाली. "मग ह्येच्यासाठी त्या वकिलाच्या दारात कशाला बसतूस?"

मला हसू आलं, आणि हसता हसता मी तिला ते विजोडाचं सांगून टाकलं. गंमत म्हणून सांगितलं. श्रीपादनं बोट केलं, सगळे हसले.

"मग तू काय केलास?"

"मी बी हसलो."

सुई थांबली.

रागावली नाही, रडली नाही. थोड्या वेळानं सुई परत चालू झाली. त्या दिवशी ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी निघताना फडक्यात भाकरी बांधून दिली. तेव्हा माझ्या तोंडाकडं बघितलं नाही.

धाराशिवच्या वाटेवर मी चालत होतो आणि मला मागून हसण्याचा आवाज येत होता. मागं वळलो तर कुणी नव्हतं. आवाज माझाच होता.

तरी मी पायरीवर गेलो. आणखी दोन आठवडे गेलो. कारण अर्जाला एक दाखला लागायचा. उमेदवाराच्या चालचलनाचा. तो देणारा माणूस वकील, जागीरदार, नाहीतर मोठा अंमलदार पाहिजे. वकीलसाहेब रोज म्हणायचे, "देतो." अर्ज पोचवायच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या सकाळी त्यांनी दाखला लिहिला.

त्या सकाळी ओसरीवर पाहुणा होता. हैदराबादचा कुणी अंमलदार. वकीलसाहेबांनी माझा दाखला त्याला वाचून दाखवला. उर्दूत होता. मला उर्दू त्यांच्याइतकीच येत होती. 'सदर उमेदवार आज्ञाधारक आहे. आपली पायरी ओळखून राहतो. त्याच्या जातीच्या मानानं हुशार आहे.'

पाहुणा म्हणाला, "खूब."

"अहो, नुसता हुशार नाही, मोठा गमत्या आहे," वकीलसाहेब म्हणाले. दाखला त्यांच्या हातातच होता. "अरे, तो विजोडाचा प्रश्न आठवतो ना? साहेबांना उत्तर सांग. तुझ्याच तोंडानं सांग."

खोटं सांगत नाही. माझे ओठ हसायला लागले होते. सवय. गाल वर गेले होते, दात दिसले असतील. तेवढ्यात मला मायची थांबलेली सुई दिसली.

मी उभा राहिलो.

"उत्तर चुकलंय, साहेब."

"काय?"

"सगळी एका जागी बसल्याबिगर विजोड कोण ते ठरत न्हाय. आधी आमाला वर बसवा. मग इचारा."

आणि मी चढलो. तिसरी पायरी. मग ओसरी. श्रीपाद आणि शिवलिंगच्या मधी जागा होती, तिथं जाजमावर मांडी घातली. मांडीवर हात दाबून धरले.

"उतर खाली," वकीलसाहेब म्हणाले. आवाज चढवला नाही.

"न्हाय उतरत. पुढला प्रश्न वाचा."

श्रीपाद उठला. त्याचे दोस्त उठले. पाहुणा उठून आत गेला. शिवलिंग बसून राहिला. मला वाटलं, हा राहतो. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि तोही उठला. वकीलसाहेबांनी दाखल्याच्या दोन घड्या केल्या आणि तो पानाच्या डब्यात ठेवला.

चौघांचं जाजम माझ्या एकट्याखाली. मी त्यांच्या कागदांकडं बघितलं. पहिल्यांदा त्या आकृत्या डोळ्यांनी बघितल्या. डोक्यात मांडल्या होत्या तशाच होत्या. मग माझा मी उठलो आणि खाली उतरलो. फाटकापर्यंत गेलो तेव्हा मागं ओसरीवर घागरीनं पाणी ओतल्याचा आवाज आला.

तसाच चालत तेरला गेलो. मास्तरसाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बेटा, माझा कागद चलणार न्हाय. मगर देतो." त्यांनी लिहिलं, 'मी याला अलिफ-बे शिकवलं. यानं मला बीजगणित शिकवलं. माणूस खरा आहे.' दुसऱ्या दिवशी पहाटे निघून मी कचेरीत पोचलो. कारकुनानं कागद टेबलावरूनच परत ढकलला. "शाळामास्तरचा दाखला चालत नाही." अर्जही घेतला नाही.

परीक्षा झाली. मी दिली नाही. श्रीपादनं दिली. निवडला गेला. पुढं भूम तालुक्याच्या कचेरीत बसला. मी शिकवलेलं त्याच्या कामी आलं.

तेवढ्यावर भागलं नाही. आमच्या गावचा पाटील वकीलसाहेबांच्या उठबशीतला. त्यानं बाला चावडीपुढं बोलावलं आणि दिवसभर उन्हात उभं केलं. मारलं नाही. नुसतं उभं. म्हणाला, "पोरगा माफी मागायला जाईस्तवर रोज यायचं." मला कळलं तेव्हा दिवस कलला होता. मी चावडीकडं पळालो. बा समोरून येत होता. ओठ फुटलेले. वाटेत एका दगडावर बसला.

मी म्हणालो, "बा, म्या जातो. माफी मागतो."

बा म्हणाला, "परीक्षा परत कदी हाय?"

"ठाऊक न्हाय."

"ती बघ. उभं राहायचं मला जमतंय."

बा आणखी चार दिवस उभा राहिला. पाचव्या दिवशी पाटलाला कंटाळा आला. बाचे डोळे मात्र गेले ते गेले. उन्हानं गेले का म्हातारपणानं, डॉक्टरला सांगता आलं नाही. मला रात्रंदिवस एकच दिसतं. मी पायरीवर बसून उत्तरं देतोय, वर बोरू चालतायत, आणि मागं उन्हात बा उभा आहे.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटाला निजामाचं राज्य गेलं. अंमलदार बदलले. कागदावरची भाषा बदलली. काही महिन्यांनी तसलीच योजना नव्या सरकारनं काढली. परीक्षा तीच. अर्ज मागवून घेतला. उलटून बघितला. चालचलनाच्या दाखल्याचा रकाना होता तिथंच होता.

त्याच आठवड्यात शिवलिंग तेरला आला. महारवाड्यात पहिल्यांदा आला. उभाच राहिला. म्हणाला, "वकीलसाहेबांनी पाठवलंय." वकीलसाहेब आता पांढरी टोपी घालत होते, सभांतून बोलत होते. "ते म्हणतात, झालं गेलं विसरून जा. दिवस बदललेत. तुझ्यासारख्यांना पुढं आणायचंय. एकदा येऊन भेट, दाखला लिहून ठेवलाय."

"काय लिहिलंय त्यात?"

शिवलिंगनं खिशातून नक्कल काढली. मराठीत होती. 'गरीब परंतु नम्र. योग्य मार्गदर्शन मिळाल्यास प्रगती करील.'

"शिवलिंग," मी विचारलं, "त्या दिवशी तू का उठलास?"

तो खाली बघत म्हणाला, "घरी कळलं असतं."

मी नक्कल त्याच्या हातात परत दिली. "तुझ्या साहेबांना सांग, मी येत न्हाय. आज न्हाय, उद्या न्हाय."

तो गेल्यावर मी दारात बसून अर्ज भरला. नाव. गाव. जात विचारली होती, तीही ठळक लिहिली. बापाचा धंदा, येसकर. शिक्षण, बी.ए. दाखल्याच्या रकान्यापाशी आलो. माय आतून बघत होती. बा भिंतीला टेकून ऐकत होता. मी मोठ्यानं वाचत वाचत लिहिलं, त्या दोघांना ऐकू जावं म्हणून.

'माझ्या चालचलनाबद्दल लिहायचा हक्क मी कुणालाही दिलेला नाही. परीक्षा घ्या.'

अर्ज दोन आठवड्यांनी परत आला. त्या ओळीवर तांबडी फुली होती. मी नवा अर्ज घेतला, तीच ओळ लिहिली आणि पाठवला. तोही परत आला. आज तिसरा लिहिलाय. हा परत आला तर चौथा लिहीन. ते फुल्या मारून थकतील. मी ही ओळ खोडणार नाही.