‘पायाले’ म्हटलं म्हणून

दोस्तहो, आज बुलढाण्याच्या प्रोजेक्ट स्पर्धेत मी बनवलेली बिनड्रायव्हरची छोटी गाडी हॉलमध्ये चालवून दाखवली. आत जीपीएस चालत नाही, म्हणून ती भिंतीवरच्या स्पीकरचा अल्ट्रासोनिक, म्हणजे माणसाले ऐकू न येणारा आवाज पकडून वाट काढते.

पुण्याहून आलेले परीक्षक नेमके तिच्या वाटेत उभे राह्यले. गाडी त्यांच्या बुटापाशी येऊन थांबली.

“बंद पडली का?”

“नाही सर, तुमच्या पायाले लागू नये म्हणून थांबली.”

“पायाले!” म्हणत ते हसले, तसा सारा हॉल हसला. त्यानंतर गाडीबद्दल एकही प्रश्न नाही. जाताना म्हणाले, “आधी भाषा सुधार.”

हे मुद्दाम माझ्याच बोलीत लिहून राह्यली. एकच सांगा मले, त्या गाडीले थांबाले शिकवलं काऊन मी?